वेशीबाहेरची पहाट

ईस्टरचा रविवार चंद्रावर ठरतो. वसंतसंपात उलटला की जी पहिली पौर्णिमा येईल, तिच्या मागून येणारा रविवार. सगळ्या मंडळ्यांनी हा सण एकाच रविवारी पाळावा, असं इ. स. ३२५ मध्ये निकेयाच्या धर्मपरिषदेत ठरलं. आज आपण वापरतो त्या कॅलेंडरात ही तारीख २२ मार्च ते २५ एप्रिल एवढ्या पट्ट्यात पुढेमागे होत राहते. आमच्या सिन्नरच्या हिशेबाने सांगायचं तर ईस्टर कधी होळीच्या मागून येतो, कधी हनुमान जयंतीच्या. २०२४ साली होळीनंतरच्या रविवारी, ३१ मार्चला आला. २०२५ साली हनुमान जयंती १२ एप्रिलला झाली आणि ईस्टर २० तारखेला. म्हणजे कधी वाड्यांच्या भिंतींवर धुळवडीचे डाग ताजे असतात, तर कधी गावात भैरवनाथाच्या यात्रेचे दिवस असतात. शेतात उन्हाळ कांदा काढणीला आलेला असतो. पौर्णिमा होऊन गेलेली असल्यामुळे पहाटे साडेचारला घराबाहेर पडलं तरी बॅटरी लागत नाही. चंद्र कधी डोक्यावर असतो, कधी पश्चिमेला कललेला. या सणाचा सगळ्यात जुना मानकरी तोच.

सिन्नरहून शिर्डीच्या रस्त्याला लागलं आणि मुसळगाव मागे पडलं की आमच्या मंडळीतल्या एकाच्या ओळखीचं शेत आहे. शेताच्या टोकाला मुरमाड टेकाड, त्यावर दोन कडुनिंब आणि एक वाकडी बोर. ईस्टरच्या पहाटे आम्ही तिथे जमतो. एरवीही अधूनमधून, पाऊस उघडला आणि सगळ्यांच्या सुट्ट्या जुळल्या की. आम्ही म्हणजे माळेगाव आणि मुसळगावच्या कारखान्यांत कामाला आलेली राहुरी, संगमनेर, श्रीरामपूरकडची कुटुंबं, नाशिकरोडहून मोटारसायकलवर येणारी काही पोरं, एक मल्याळी जोडपं, आणि आपल्या चर्चचा मिस्सा नंतर गाठणारी एक कॅथलिक शेजारीण. पाळकसाहेब मोकळे असले तर येतात. नसले तर कोणीतरी वचन वाचतं, कोणी साक्ष देतं, कोणी नुसतं प्रार्थनेत आजारी माणसांची नावं घेतं. सतरंज्या, ढोलकी, झांजा आणि ‘उपासना संगीत’च्या पानं सुटलेल्या प्रती. धूळ आत जाते म्हणून पेटी घरीच ठेवतो. या जमण्याला नाव नाही, वर्गणी नाही, कार्यकारिणी नाही. प्रवचन लांबलं तर आठ वाजता ऊनच ‘आमेन’ म्हणतं.

माझ्या आजीला हे अजिबात पसंत नव्हतं. “छप्पर मिळायला आमच्या पिढ्या गेल्या,” ती म्हणायची, “आन् तुम्ही परत झाडाखाली चालले?” तिचं माहेर राहुरीकडचं. तिच्या लहानपणीच्या चर्चचं वर्णन ती एखाद्या वाड्यासारखं करायची: कौलं मंगलोरी, भिंती दगडी, घंटा इतकी मोठी की तिचा आवाज पाटलाच्या वाड्यातही जायचा. आणि बाक. बाकांचं तिला फार. खाली अंग चोरून बसायचं नाही, पाठ टेकून बसायचं. शेजारी कोण आहे हे न बघता बसायचं. त्या बाकांसमोर आमचं टेकाड, आमचा सूर्योदय आणि आमची मोकळी हवा तिला अगदीच किरकोळ वाटायची.

तिचा राग समजायला जरा मागे जावं लागतं. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली अहमदनगरला ठाणं मांडलं आणि पुढच्या काळात गोदावरी-प्रवरेच्या मुलखात गावोगाव छोट्या मंडळ्या उभ्या राहिल्या. त्यांतली बहुसंख्य माणसं महारवाड्यांतून आणि मांगवाड्यांतून आलेली. या माणसांना उघड्या आभाळाचं कौतुक सांगायला कोणा कवीची गरज नव्हती. त्यांचं सगळं आयुष्यच वेशीबाहेर गेलेलं. देवाकडेही त्यांनी बाहेरूनच पाहिलं होतं. चोखोबा १३३८ साली मंगळवेढ्याला गावकुसाचं बांधकाम कोसळून गेले आणि त्यांची समाधी झाली ती पंढरीच्या महाद्वाराबाहेर. नाशिक इथून जेमतेम तीस किलोमीटर. तिथे काळाराम मंदिराच्या दरवाजासमोर २ मार्च १९३० रोजी सत्याग्रह सुरू झाला. डॉ. आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाडांच्या मागे हजारो माणसं बंद दारापुढे बसली. लढा पाच-सहा वर्षं चालला, दार उघडलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला याच जिल्ह्यात, येवल्याला, बाबासाहेबांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं. ‘बाहेर बसून देवाचं नाव घेणं’ हा आमच्या भागात कधी निसर्गप्रेमाचा विषय नव्हता. ती शिक्षा होती.

म्हणून आजीच्या बाकाला मी कधी हसू शकलो नाही. चर्चला छप्पर असणं याचा तिच्या लेखी एकच अर्थ होता: आपण आत आहोत.

पण याच मुलखातल्या ख्रिस्ती भक्तीचा दुसरा धागाही आहे, आणि तो आत कधी फारसा रमला नाही. कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तनाची वाट घातली. कीर्तन म्हटलं की चावडी आली, पार आला, रस्त्याने जाणारा थबकून उभा राहणं आलं. नारायण वामन टिळकांनी ती वाट रुंद केली. ‘वनवासी फूल’ लिहिणारे टिळक. महाराष्ट्र त्यांना फुलामुलांचे कवी म्हणून ओळखतो. त्यांच्या लक्ष्मीबाईही आमच्या नाशिकजवळच्या, गोदाकाठच्या जलालपूरच्या. १८९५ साली टिळकांचा बाप्तिस्मा झाला आणि जवळजवळ बावीस वर्षं त्यांनी मिशनच्या चौकटीत काम केलं. मग १९१७ साली ते त्या चौकटीतून बाहेर पडले आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. १९१९ च्या मे महिन्यात ते गेले आणि दरबार त्यांच्या मागे फार टिकला नाही. पण उपासना संगीताची पानं उलटली की ते भेटत राहतात, अभंगांत, ओव्यांत. टेकाडावर ढोलकीच्या ठेक्यावर त्यांचं भजन सुरू झालं की ते मुळात कुठल्या हवेसाठी लिहिलं असेल, याची कल्पना येते. चर्चमध्ये तेच गाणं जरा कडक इस्त्रीचं वाटतं.

पंडिता रमाबाईंच्या आयुष्यातही अशी एक पहाट आहे. १८९६ च्या एप्रिलमध्ये त्या लोणावळ्याच्या कॅम्प मीटिंगला गेल्या होत्या. झाडीत तंबू टाकून काही दिवस एकत्र राहायचं आणि प्रार्थनासभा घ्यायच्या, ही अमेरिकेतून आलेली पद्धत. त्यांच्या पुण्यातल्या शारदासदनातल्या पंधरा मुली त्यांच्याबरोबर होत्या. एका सकाळी त्या एकट्याच रानात शांत जागी गेल्या आणि सूर्य उगवताना त्यांनी एक मागणं मागितलं. ते त्यांनी पुढे आपल्या साक्षीत लिहून ठेवलं आहे: पुढच्या कॅम्पच्या आत या पंधरा मुलींच्या संख्येचा वर्ग व्हावा. दोनशे पंचवीस! संस्कृत पाठ असलेली, अर्धा देश पायी हिंडलेली ही बाई रानात सूर्योदयासमोर उभी राहून गणित मांडते, हे मला फार आवडतं. त्याच वर्षी दुष्काळ पडला. मध्य प्रांतात जाऊन रमाबाईंनी शेकडो उपाशी मुली-बायका आणल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून त्यांना केडगावच्या माळावर तात्पुरत्या छपरांखाली ठेवलं. तेच मुक्तिसदन. सूर्योदय बघून रमाबाई सुखावल्या आणि परतल्या, असं झालं नाही. त्या पहाटेने त्यांच्या अंगावर काम टाकलं.

नाशिकचा शरणपूर रोड आज शोरूम, क्लासेस आणि दवाखाने यांनी भरलेला आहे. १८५० च्या दशकात तिथे चर्च मिशनरी सोसायटीने शरणपूर नावाची वसाहत वसवली. अरबी समुद्रात गुलामांची जहाजं पकडली जायची, त्यांतून सुटलेल्या आफ्रिकन मुलांना तिथे आणून शिकवलं जायचं. त्यांतला एक जेकब वेनराइट. डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या मदतीला जी नाशिकची पोरं आफ्रिकेत पाठवली गेली, त्यांत तो होता. १ मे १८७३ च्या सुमाराला लिव्हिंग्स्टन आजच्या झांबियातल्या चितांबोच्या गावी वारला. बरोबरच्या माणसांनी त्याचं हृदय तिथेच एका मोठ्या झाडाखाली पुरलं. अंत्यविधीची उपासना जेकबने वाचली आणि झाडाच्या बुंध्यावर अक्षरंही त्यानेच कोरली. मग देह सुकवून, कापडात गुंडाळून, त्या मंडळींनी हजार मैलांहून जास्त अंतर पायी तोडत तो समुद्रापर्यंत पोचवला. १८ एप्रिल १८७४ ला वेस्टमिन्स्टर ॲबेत दफन झालं तेव्हा जेकब तिथेही होता.

माझ्या मनात या दोन उपासना शेजारी शेजारी उभ्या राहतात. एक लंडनमधली, उंच कमानींखालची, दरबारी. दुसरी रानातली. तिथे पाळक नव्हता, पेटी नव्हती, घंटा नव्हती. गुलामीतून सुटलेला, नाशिकला वाचायला शिकलेला एक तरुण हातात पुस्तक धरून उभा होता. पहिलीत त्याला जागा मिळाली ती मृताबरोबर आला म्हणून. दुसरीत वाचणारा तोच होता, कारण त्याला वाचता येत होतं. झाडाखालच्या उपासनेत जागा अशा वाटल्या जातात: ज्याला जे येतं ते त्याने करायचं. आमच्या टेकाडावर कारखान्यातला फिटर शास्त्रपाठ वाचतो, कधीमधी अडखळतो, आणि कोणाला त्याचं वाईट वाटत नाही. चर्चमध्ये त्यालाच वेदीजवळ उभं केलं तर त्याच्या हातातलं पुस्तक थरथरतं.

उघड्यावर येण्याला चर्चची मोठी माणसं नेहमीच बिचकत आलेली आहेत. १७३९ च्या एप्रिलमध्ये ब्रिस्टलला जॉन वेस्ली पहिल्यांदा मोकळ्या जागेत बोलायला उभा राहिला. चर्चच्या इमारतीबाहेर आत्म्यांचं तारण करणं म्हणजे जवळजवळ पाप, अशी आपली तोवरची समजूत होती, असं त्याने आपल्या रोजनिशीत लिहिलं आहे. समोर होते ते खाणकामगार आणि गोरगरीब. चर्चच्या बाकांवर पैसेवाल्यांची नावं असण्याचा तो काळ. म्हणजे बाकांनाही एक वेस होती. त्याच शतकात, १७३२ साली, जर्मनीतल्या हेर्नहूटच्या तरुण मोरावियन मंडळींनी ईस्टरची पहाट टेकडीवरच्या कबरस्तानात गाणी म्हणत काढली. आपल्याकडे अनेक गावांत ईस्टरच्या अंधारात लोक मेणबत्त्या घेऊन कबरस्तानात जातात, त्या प्रथेची ती दूरची नातेवाईक. आमच्यातलं मल्याळी जोडपं मारामणबद्दल सांगतं. तिथे पंपा नदीच्या वाळवंटात, पाणी उतरल्यावर, १८९५ पासून दर फेब्रुवारीत मार थोमा मंडळीचं अधिवेशन भरतं. वाळूत मांडव घालायचा, आठ दिवस बसायचं, आणि पावसाळ्यात नदीने ती जागा परत घ्यायची. पंढरीचं वाळवंट माहीत असलेल्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही. हरेगावला दर सप्टेंबरात मतमाउलीची, म्हणजे मरीयेची, यात्रा भरते. तिथेही लाखोंची गर्दी कुठल्या चर्चमध्ये मावणार? ती मैदानातच बसते, भाकरी सोडते, मुलं झोपवते. कॅथलिक यात्रेकरूंबरोबर इतर धर्मांचे नवस फेडणारेही तिथे असतात आणि कोण कुठला हे विचारत बसायला कोणाला वेळ नसतो.

त्या मानाने ब्रिटनमध्ये अलीकडे ‘फॉरेस्ट चर्च’ नावाने जे चालतं ते वेगळ्या जातीचं. वर्षाच्या ऋतूंबरोबर चालणारी, झाडांच्या सहवासातली, कमी बोलणारी उपासना. चर्चला कंटाळलेल्या माणसांनी तिथे जाऊन श्वास घ्यावा, यात वाईट काही नाही. पण आमच्या टेकाडाला तो शब्द लावताना मला हसू येतं. आमच्याकडे फॉरेस्ट कुठलं? मुरूम, बाभळी, उच्च दाबाची तार, वारा फिरला तर वसाहतीकडचा वास, आणि दूरवर समृद्धी महामार्गाच्या दिव्यांची ओळ. सह्याद्रीचा कडा इगतपुरीला तीन हजार मिलिमीटरवर पाऊस अडवतो आणि आमच्या पूर्व भागाला पाचशे-सहाशे उरला तर नशीब. काळ्या दगडाच्या पोकळ्यांत झिओलाइटचे सुंदर स्फटिक असतात खरे. विहिरी खणताना ते सापडतात आणि माळेगावच्या वसाहतीत त्यांचं ‘गारगोटी’ नावाचं संग्रहालयही आहे. पण वरून पाहिलं तर तो दगडच. याच दगडातून यादवांच्या काळी गोंदेश्वर उभं राहिलं. हा निसर्ग देखावा म्हणून कोणी पाहायला येत नाही. इथे लोक शेती करतात.

निसर्गात देव भेटतो, हे वाक्य म्हणूनच मला पुरेसं वाटत नाही. माथेरानच्या पॉइंटवर ते सहज म्हणता येईल. टेकाडावर जमायला लागल्यापासून मला जाणवलं ते निराळंच. भिंती गेल्या की उपासनेवरचा आपला ताबा जातो. वचन वाचताना शिर्डीला पायी निघालेल्यांचा जथा रस्त्याने जातो, त्यांच्या डीजेवर साईंचं गाणं असतं, आणि योहानाचं शुभवर्तमान तेवढी दोन मिनिटं थांबतं. शेळ्या सतरंजीवर येतात. वाऱ्याने पानं उलटतात आणि एकविसाव्या अध्यायाऐवजी भलताच अध्याय समोर येतो. चर्चमध्ये मूल रडलं तर आईला बाहेर जावं लागतं. इथे ती कुठे जाणार? ती बसूनच राहते, मूल रडतं, प्रार्थना चालू राहते.

शुभवर्तमानात डोकावलं तर बरंचसं असंच घडलेलं दिसतं. डोंगरावरचं प्रवचन, हिरव्या गवतावर पंगतीने बसवलेले पाच हजार, पहाटेच्या अंधारात एकांतात जाऊन केलेली प्रार्थना, नावेतून काठावरच्या लोकांशी बोलणं. पुढे पौल फिलिप्पैला गेला तेव्हा त्याला प्रार्थनेची जागा सापडली ती वेशीबाहेर, नदीकाठी, आणि तिथे जमलेल्या होत्या बायका. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात तर प्रभूने दुःख सोसलं ते वेशीबाहेर, याची मुद्दाम आठवण दिली आहे आणि वाचणाऱ्यांना त्याच्याकडे बाहेर यायला सांगितलं आहे. नगर-नाशिकच्या मंडळ्यांना हा अध्याय उलगडून सांगण्यासाठी पंडिताची गरज पडायला नको.

आणि ईस्टरची गोष्ट तर बागेतलीच. अंधार असताना मग्दालीया मरीया कबरेशी येते, मागे वळते, आणि समोर उभ्या असलेल्या प्रभूला ती बागेचा माळी समजते. पुनरुत्थानाची पहिली साक्षीदार आणि तिची पहिली नजर चुकते. चर्चमध्ये हा भाग वाचला की आपण तिच्या चुकीवर कौतुकाने हसतो. टेकाडावर तो वाचताना माझं लक्ष बांधाकडे जातं. तिथे पहाटे खरोखर माणूस उभा असतो. शेतीची वीज बऱ्याचदा रात्रीची असते, म्हणून शेतकरी रात्रभर मोटारीवर जागा असतो. खांद्यावर फावडं, पायजमा गुडघ्यापर्यंत वर, डोक्याला बांधलेला बॅटरीचा पट्टा अजून चालूच. अशा पहाटे शेतात उभ्या असलेल्या माणसाकडे आपण सहसा पाहत नाही. मरीया निदान त्याच्याशी बोलली. तिने बोलणं टाळलं असतं तर पुढचं काही तिला कळलंच नसतं.

असाच एक शेजारचा शेतकरी एका वर्षी गाणी ऐकून जवळ आला. “कशाचा कार्यक्रम?” आम्ही सांगितलं. तो थोडा वेळ उकिडवा बसला. मग म्हणाला, “मागताच आहात तर पावसाचंबी मागा. भोजापूरच्या धरणाला पाणी नाही औंदा.” प्रार्थनेच्या यादीत आजारी होते, परीक्षेला बसलेली मुलं होती, नोकरी गेलेले होते. पाऊस नव्हता. आमच्यातल्या बहुतेकांच्या घरी नळाला पाणी येतं आणि पगार पावसावर अवलंबून नाही. त्या दिवसापासून पाऊस यादीत आला तो आजवर आहे. भिंतीआड बसून केलेल्या यादीत तो आला असता की नाही, शंकाच आहे.

आता या सगळ्याला एक अवघड बाजूही आहे. चार ख्रिस्ती माणसं उघड्यावर जमली की हल्ली कोणाच्या तरी मनात शंका येते, कोणीतरी मोबाइल वर धरतं. म्हणून आम्ही शेतमालकाला आधी विचारतो, गावात कळवतो, स्पीकर लावत नाही. आमच्यातले काहीजण भीतीने येत नाहीत आणि त्यांना मी बोल लावत नाही. बंद दाराआड प्रार्थना केली तर कोणी काही विचारत नाही, हे खरं. पण दुसरंही खरं आहे: कान कोणाचेही असू शकतात हे माहीत असलं की बोलणं बदलतं. बांधावर उभ्या असलेल्या माणसाला लागेल असं वाक्य तोंडात येता येता थांबतं. आपणच तेवढे उजेडात आणि बाकी सगळे अंधारात, असली भाषा भिंतींच्या आत सहज बोलली जाते. समोरून सूर्य सगळ्यांवर सारखा यायला लागला की ती बोलणाऱ्यालाच ओशाळवाणी वाटते. ज्या प्रार्थनेला शेजाऱ्याने ऐकलं तर चालत नाही, ती देवानेही ऐकावी असा आग्रह आपण का धरावा?

आजी अखेर एकदा आली. गुडघे दुखत होते, म्हणून प्लास्टिकची खुर्ची आणली होती आणि तिचा एकंदर चेहरा ‘बघू तुमचं झाड’ असा होता. त्या वर्षी शेजारच्या रानात कांदा काढायला पेठ-सुरगाण्याकडची आदिवासी कुटुंबं आलेली होती. हंगामात ती येतात, रानातच पालं ठोकतात, तिथेच तीन दगडांची चूल. आम्ही सणापुरते उघड्यावर येतो, ती महिना महिना उघड्यावर असतात. गाणी ऐकून एक बाई लेकरू काखेत घेऊन आली आणि सतरंजीपासून चार हात लांब उभी राहिली. तशीच, जशी माणसं नेमक्या अंतरावर उभी राहतात. ते अंतर कोणी आखून दिलेलं नसतं, पण ते कुठून आलं हे आजीला आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होतं. पाळकसाहेबांची प्रार्थना चालू होती, सगळ्यांचे डोळे मिटलेले होते. आजीचे नव्हते. “उभी का गं?” ती मोठ्याने म्हणाली. “ये, बस इथं. ए, सरका जरा.” प्रार्थनेत खंड पडला, डोळे उघडले, माणसं सरकली. बाई बसली. नंतर तिने चहा घेतला, बिस्कीट लेकराच्या हातात दिलं आणि कांद्याच्या वाफ्याकडे निघून गेली. आम्ही तिला काही सांगितलं नाही, तिने काही विचारलं नाही.

आजीने जीपमध्ये बसल्यावर जागेबद्दल एवढंच म्हटलं की पुढच्या वेळी आणखी सतरंज्या घ्या. तिचं मतपरिवर्तन झालं असं मी म्हणणार नाही. छप्पर हवं, हा तिचा हेका शेवटपर्यंत कायम होता आणि तो बरोबरच होता. म्हाताऱ्यांना सावली लागते, बायकांना आडोसा लागतो, जुलैत टेकाडावर कोणी जाऊ शकत नाही. शिवाय ज्यांना पिढ्यान् पिढ्या बाहेर ठेवलं गेलं, त्यांनी आत बसण्याचा हक्क झाडाच्या कौतुकापायी सोडून देऊ नये. बाहेर बसणं कोणावर लादलेलं असेल तर ती शिक्षा आणि हौसेने निवडलेलं असेल तर फार तर सहल. या दोहोंच्या पलीकडचं काही त्या सकाळी घडलं ते आजीमुळे, कडुनिंबामुळे नव्हे. उघड्या जागेला आत आणि बाहेर नसतं, पण माणसं ते सोबत घेऊन येतात आणि सतरंजीच्या कडेनेही वेस उभी करतात. ती मोडायला कोणाला तरी तोंड उघडावं लागतं, आणि ते उघडण्याचा अधिकार, मला वाटतं, ज्याने कधी काळी अंतर राखून उभं राहणं पाहिलंय त्यालाच जास्त असतो.

टेकाडावरून चर्चमध्ये परत न्यावी अशी हीच एक गोष्ट. तिथे सूर्योदय नेता येत नाही आणि नेण्याचं कारणही नाही. आमच्या चर्चच्या बाकावर पाच माणसं बसतात. सरकून घेतलं तर सहा मावतात.